पायांवरून ओळख

आमचं दुकान रस्त्याच्या खाली आहे. फुटपाथवरून पायऱ्या उतरून आत यायचं. दाराशेजारी, पार छताला टेकून, एक आडवी खिडकी आहे. तिच्यातून रस्ता दिसतो, पण माणसं फक्त गुडघ्यापर्यंत. त्याच्या वर जे काही असतं ते आमच्या वाट्याला येत नाही. बूट-चपला दुरुस्त करणाऱ्याला याहून चांगली जागा मिळायची नाही, असं आमचे हे म्हणतात. गिऱ्हाईक दारात यायच्या आधीच त्याचं दुखणं दिसतं म्हणे. मला विचाराल तर यांना माणसांशी बोलायचा मुळातच कंटाळा, म्हणून हे बीळ आवडतं.

हे ठोकाठोकी करतात, मी शिलाईच्या मशीनवर असते, आणि मागच्या खोलीत आमचा संसार. दिवसभर हात चालू आणि नजर मधूनमधून खिडकीत. अख्खा रस्ता आम्ही पायांवरून ओळखतो. एक फरफट्या आहे, तो पाय उचलायचे कष्टच घेत नाही. एक टकटकबाई आहेत. एक आजोबा आहेत, त्यांना आम्ही ‘डावी टाच’ म्हणतो, कारण त्यांची नेहमी डावीच झिजते. या माणसांची खरी नावं आम्हाला ठाऊक नाहीत, आणि त्यावाचून काही अडलंही नाही. फक्त बाहेर पडलं की पंचाईत होते. एकदा बाजारात एक बाई माझ्याशी घरच्यासारख्या बोलायला लागल्या. मी आपली हो ला हो. मनात म्हणतेय, या कोण बाई? खाली बघितलं तेव्हा कुठे उजेड पडला. अहो, या तर टकटकबाई, ज्यांच्या टाचा मी चार वेळा चिकटवल्यात.

आमची लेक या खिडकीखालीच वाढली. बारशाचं नाव चांगलं भारदस्त आहे, पण अंगानं काटकुळी आणि बोलणं कमी, जे बोलेल ते टोचणारं, म्हणून तिची झाली टाचणी. ह्यांच्या शेजारी तिचं एक बुटकं स्टूल होतं. शाळेतून आली की त्याच्यावर बसून खिळे वेगळे करायची, नाड्या ओवायची आणि खिडकीत बघत राहायची. शाळेत जाताना खिडकीपाशी थांबून बुटाचं टोक काचेवर दोनदा वाजवायची. म्हणजे ‘येते’. परत आली की एकदा, म्हणजे ‘आले’. हे मान वर न करता म्हणायचे, “ये.”

शेजारपाजारच्या बायका मला म्हणायच्या, किती गुणी आहे हो तुमची मुलगी, रस्त्यानं चालताना मान वर करत नाही. मी मनात म्हणायचे, गुणी कसली डोंबलाची, लोकांचे सोल बघत चालली होती ती.

शाळा संपली आणि तिला विद्यापीठात प्रवेश मिळाला. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत तिथली पायरी कोणी चढलं नव्हतं. विषय कुठला घेतला, तर भूगर्भशास्त्र. मी म्हटलं, “बाई गं, जन्म जमिनीखाली गेला, आता आणखी जमिनीखालचंच शिकणार?” ती म्हणाली, “आई, याच्याही खूप खाली.” मी हसले, पण मला काय वाटत होतं ते माझं मला माहीत. मला ती वर जायला हवी होती. उजेडात, माणसांत, जिथे लोक एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात तिथे.

ह्यांनी तिच्यासाठी बूट शिवले. त्यासाठी गिऱ्हाइकांची कामं बाजूला ठेवली, जी त्यांनी स्वतःच्या लग्नासाठीही ठेवली नव्हती. तपकिरी चामडं, बुटकी टाच, आतून मऊ अस्तर. तिनं घालून खोलीभर चालून दाखवलं. हे तिच्या पायांकडे बघत होते आणि मी तिच्या तोंडाकडे. तोंड पांढरं पडलं होतं.

“चावतात का?” ह्यांनी विचारलं.

“नाही बाबा.”

“मग झालं तर.”

बूट चावत नव्हते, पण बाकी सगळं चावणार होतं, हे त्यांना कोण सांगणार?

पहिल्या दिवशी संध्याकाळी काचेवर एकदा टोक वाजलं आणि माझा जीव भांड्यात पडला. आत आल्या आल्या मी विचारलं, कसं होतं? म्हणाली, मोठं. अगं, पण माणसं कशी आहेत? म्हणाली, “बूट चांगले आहेत सगळ्यांचे.” मी कपाळावर हात मारला. हे मात्र हातोडी बाजूला ठेवून ऐकायला लागले.

तिचा वर्ग म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा भला मोठा हॉल. प्राध्यापक तळाशी उभे आणि मुलं वर चढत गेलेल्या रांगांमधून. ही जाऊन बसली पार खालच्या रांगेत, कोपऱ्यात. तिथे बसलं की मागच्या रांगेतल्यांचे पाय आपल्या खांद्याशी येतात. “आई, अगदी आपल्या खिडकीसारखं,” ती म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसली.

तिच्या खांद्याशी जे बूट यायचे ते पांढऱ्या कापडाचे होते आणि त्यांना निळ्या नाड्या होत्या. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी त्या बुटांच्या मालकिणीनं मागून वाकून हिच्या कानात विचारलं, “हे सर काय म्हणाले ते तुला कळलं का?” ही म्हणाली, “नाही.” मागून आवाज आला, “देवाची कृपा. मला वाटलं मी एकटीच.” तिथून त्यांचं जमलं. मागून बिस्किटं यायची, पुढून टोचणारी उत्तरं जायची. तास सुटला की दोघी बसस्टॉपपर्यंत बरोबर चालायच्या. ती मुलगी लांबच्या गावाहून आलेली, वसतिगृहात राहणारी. तिचंही तिथं दुसरं कोणी नव्हतं.

मग काय, रोज रात्री जेवताना एकच विषय. आज निळी नाडी काय म्हणाली?

“टाच कुठून झिजलीये तिची?” हे विचारायचे.

“बाहेरून. उजवी जास्त.”

“म्हणजे घाईची आहे. नाडी कशी बांधते?”

“दुहेरी गाठ. रोज.”

“मग मनानं चांगली आहे.”

“मनाचं तुम्हाला नाडीवरून कळतं का हो?” मी म्हणायचे. “माझ्या वेळी कुठे गेली होती ही विद्या?”

“तू तेव्हा चपला घालायचीस,” हे म्हणायचे.

टाचणी आता पोटभर जेवायला लागली होती. सकाळी काचेवर बूट वाजायचे तेही ठसक्यात. मी मनात म्हटलं, चला, गंगेत घोडं न्हालं.

एक दिवस म्हणाली, “बाबा, तिच्या उजव्या बुटाचं पुढून तोंड उघडायला लागलंय.”

“मग घेऊन ये म्हणावं. त्यात काय एवढं?”

ती ताटात बघत राहिली. आपले बाबा काय करतात हे तिनं निळ्या नाडीला सांगितलं नव्हतं, हे मला तेव्हाच समजलं. यांना समजलं की नाही कोण जाणे. हे कधी ताकास तूर लागू देत नाहीत.

त्यानंतर तिचं बोलणं आटलं. आज काय म्हणाली निळी नाडी? आली नाही. उद्या? आली नाही. आजारी असेल, मी म्हटलं. आठवडा गेला. टाचणी अर्धं ताट सोडून उठायला लागली. सकाळी काचेवर बूट वाजायचे, पण कसे, तर परक्याच्या दारावर वाजवावेत तसे. आणि मग एका सकाळी वाजलेच नाहीत. बघते तर ही ह्यांच्या शेजारी, त्या बुटक्या स्टुलावर, गुडघे हनुवटीला लावून बसलेली आणि खिळे वेगळे करतेय.

“आज सुट्टी आहे?”

“नाही.”

“मग?”

“मी इथेच बसते आई. मला येतं हे काम.”

मशीन बंद करून मी तिच्यासमोर जाऊन बसले. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली, तेही हातातल्या खिळ्यांशी. “मी तिला सांगितलं. म्हटलं, तुझा बूट दे, माझे बाबा नीट करतील, त्यांचं तेच काम आहे. ती काहीच बोलली नाही. नुसती हं म्हणाली. आणि दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या मागे बसली नाही. कुठेच दिसली नाही.”

ह्यांची हातोडी थांबली. मी मान वळवून बघायची हिंमत केली नाही. मग हातोडी पुन्हा सुरू झाली, नेहमीच्याच तालात, आणि मला ते थांबण्यापेक्षा जास्त लागलं.

दोन दिवस ती घरी बसली. तिसऱ्या दिवशी तिला दोरा आणि डिंक आणायला बाहेर पाठवलं आणि मी यांच्याशी भांडले. म्हटलं, तुम्ही बाप आहात ना, सांगा तिला जायला. हे म्हणाले, “बसू दे ना. हात चांगला आहे तिचा.”

“हात चांगला आहे म्हणून डोकं खुंटीला टांगायचं?”

“इथे तिला कोणी काही म्हणत नाही.”

“इथे कोणी असतंच कुठे म्हणायला? चपला बोलतात का?”

“मी शिवलेले बूट घालून ती तिथे गेली,” हे म्हणाले, “आणि तिला माझी लाज वाटून घ्यावी लागली. तुला कळत नाही का?”

इतक्या वर्षांत हे एवढं लांब वाक्य बोलले नव्हते. भांडणातून माघार घ्यायची वेळ माझ्यावर सहसा येत नाही, विचारा कोणालाही. पण मी मशीनवर जाऊन बसले आणि उगाचच रिकामं पायडल मारत राहिले. ह्यांच्या मनात होतं तेच माझ्याही मनात होतं. फरक एवढाच की ह्यांना तिला झाकून ठेवायचं होतं आणि मला नव्हतं.

तेवढ्यात खिडकीत काळे, जाडजूड, घोट्याच्या वर चढलेले बूट आले. आले आणि थांबले. पुढे गेले. परत आले. नवखं गिऱ्हाईक असंच करतं, पाटी वाचतं आणि खाली उतरायला बिचकतं. हे म्हणाले, “मोठे आहेत मापाला. दुसऱ्याचे घातलेत.” मग पायऱ्यांवर धप्प धप्प करत ते बूट खाली आले आणि त्यांच्यात एक गोल चेहऱ्याची, हिच्याच वयाची मुलगी होती.

“बूट दुरुस्तीला आणलेत,” ती म्हणाली आणि पिशवीतून जोड काढून फळीवर ठेवला.

पांढरं कापड. निळ्या नाड्या. उजव्याचा सोल पुढून अर्धा सुटून जिभेसारखा लोंबत होता.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं, मी ह्यांच्याकडे. मी उठले. मनात आलं, चांगली खरडपट्टी काढावी हिची. चामड्याला हात लावणाऱ्याच्या घरी पाय ठेवायला बरा वेळ मिळाला, म्हणावं. तोंड उघडलंच होतं, तेवढ्यात ती पोर इकडेतिकडे बघत म्हणाली, “काकू, तुमची मुलगी विद्यापीठात आहे ना? ती आहे का घरी?”

“कशाला हवी आहे?” मी विचारलं. माझा आवाज काही मायेचा नव्हता.

“ती दोन-तीन दिवस आली नाही. मला वाटलं, बरं नसेल.” मग जरा थांबून, “खरं म्हणजे ती माझ्याशी बोलत नाही. पण दुकान कुठे आहे ते तिनं तेव्हा सांगितलं होतं, म्हणून तरी आले.”

“ती बोलत नाही?”

“ती म्हणाली होती, बूट दे, बाबा नीट करतील. मला इतकं कसंतरी झालं. म्हणजे सगळ्यांना दिसत होते की काय माझे फाटके बूट? म्हणून मग खोलीतल्या मैत्रिणीचे हे घातले. दुसऱ्या दिवशी ती समोरून आली. मी हात केला, हसले. तिनं माझ्या बुटांकडे बघितलं, आणि तशीच निघून गेली. असं दोनदा झालं. मग मी लांब जाऊन बसायला लागले.” ती रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागली. “तिचे स्वतःचे बूट इतके सुंदर आहेत. मला वाटलं, तिला आपली लाज वाटत असेल.”

मला आधी कळेचना. मग कळलं, आणि मी टाचणीच्या स्टुलावर बसले. अरे देवा, म्हटलं. हिनं ओळखलंच नाही. आमच्या लेकीनं बूट बघितले, ते परके निघाले, आणि पुढे गेली. जसे आम्ही सगळे जातो तसे. मैत्रीण समोर उभी राहून हसत होती आणि आमची बया निळ्या नाड्या शोधत फिरत होती.

“चहा टाक,” हे म्हणाले. आणि त्या मुलीला, “बस गं बाळा.” आमचे हे गिऱ्हाइकाला कधी बस म्हणत नाहीत, बसायला काही ठेवतच नाहीत. मी स्टुलावरून उठले आणि तिला बसवलं. ह्यांनी तोवर तो उजवा बूट उलट्या लोखंडी पायावर चढवून सोल खरवडायला घेतलासुद्धा.

चहा उकळत होता तेव्हा खिडकीत तपकिरी बूट आले. काचेवर एकदा टोक वाजलं. मी त्या मुलीला म्हटलं, “तू काही बोलू नकोस. गंमत बघ.”

टाचणी पायऱ्या उतरून आली, दोरा आणि डिंक घेऊन, मान खाली. ह्यांच्यापाशी पोचली आणि खिळल्यासारखी उभी राहिली. लोखंडी पायावर पांढरा बूट, निळी नाडी.

“बाबा, हे कुठून आले?”

“कुठून येणार? गिऱ्हाइकानं आणले.”

“ती आली होती? कधी? गेली का?” आणि ही वळली धावत पायऱ्यांकडे. स्टुलावर बसलेल्या मुलीच्या पायांवरून तिची नजर गेली, काळ्या बुटांना टाळून ही पुढे निघाली. अगदी हातभर अंतरावरून. ती बिचारी तोंडावर हात ठेवून बघत होती.

“टाचणे,” मी म्हटलं, “मान वर कर.”

“आई, सोड ना, ती जाईल.”

“मान वर कर म्हणते ना.”

तिनं केली. खूप वेळ बघत राहिली. कोण आहे ते तिला चेहऱ्यावरून लागेना, खोटं कशाला बोलू. मग ती मुलगी पुढे वाकून हळूच म्हणाली, “हे सर काय म्हणाले ते तुला कळलं का?”

टाचणी तिच्यासमोर फरशीवरच बसली. “तू आहेस?” म्हणाली. “अगं, पण हे बूट तुझे नाहीत.”

“नाहीतच.”

“मला चेहरा ओळखीचा वाटला होता. पण पाय दुसऱ्याच कुणाचे.”

मग जे काय हसणं आणि रडणं झालं त्याचा हिशेब मी ठेवला नाही. मीही त्यात होते. मला रडू आलं आणि मी ते येऊ दिलं, कारण इतके दिवस मी ते पायडलखाली दाबून ठेवलं होतं. दोघी फरशीवर बसून चहा प्यायल्या. मध्येच आमची लेक तिच्या तोंडाकडे निरखून बघायची. “तुझ्या हनुवटीवर तीळ आहे,” म्हणाली. “पहिल्यापासून आहे,” ती म्हणाली.

ह्यांनी सोल नुसता चिकटवला नाही, कडेनं हातशिलाई घातली, जी आता आमच्या गल्लीत कोणी मागत नाही आणि कोणाला परवडतही नाही. “रात्रभर सुकू दे,” म्हणाले. “उद्या सकाळी ये आणि इथूनच दोघी जा.”

सकाळी ती आली. काळे बूट पिशवीत घातले, पांढरे चढवले, दुहेरी गाठ मारली. दोघी पायऱ्या चढून गेल्या. खिडकीत तपकिरी आणि पांढरे बूट शेजारी शेजारी थांबले. काचेवर दोनदा वाजलं. पांढऱ्यानंही तसंच वाजवलं, तिला टाचणीनं शिकवलं असणार.

मी “ये” ऐकायची वाट बघत होते. ऐकू आलं नाही. हे हातोडी ठेवून उठले होते. एप्रन तसाच, कामाच्या वेळी, ज्या वेळी आग लागली तरी हे वर जायचे नाहीत, पायऱ्या चढून रस्त्यावर गेले. खिडकीत मला त्यांच्या जुन्या चपला दिसल्या, तपकिरी बुटांसमोर उभ्या. चपलांच्या टाचा जराशा उचलल्या गेल्या, पुन्हा टेकल्या. मग बूट निघून गेले. चपला तिथेच उभ्या होत्या.

खाली आले तेव्हा लगेच कामाला बसले नाहीत. तिचं बुटकं स्टूल उचललं आणि दाराशी नेऊन ठेवलं. “गिऱ्हाइकाला बसायला होईल,” म्हणाले.

“काय झालं वर?” मी विचारलं.

“काही नाही.” हातोडी हातात घेतली, पुन्हा खाली ठेवली. “अगं, ती माझ्यापेक्षा उंच झालीये. मला मान वर करून बघावं लागलं तिच्याकडे.”